स्पोर्ट्स कोट्यातून कॉलेज निवडताना काय तपासावे?

बारावीचा निकाल लागला की चांगल्या खेळाडूच्या घरी कॉलेजांचे फोन येऊ लागतात. "फी माफ करू, होस्टेल देऊ, फक्त आमच्याकडून खेळा." ऐकायला छान वाटतं. पण प्रवेश घेतला की पुढची तीन वर्षं तिथेच काढायची असतात. म्हणून होकार देण्याआधी घरच्यांनी काय पाहावे, ते आम्ही इथे देत आहोत.

खेळाडू कुठवर पोहोचतात?
कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळते. त्यातले निवडक खेळाडू विद्यापीठाच्या टीममध्ये जातात आणि ती टीम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरते. हा फरक नोकरीच्या वेळी कळतो. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेल्यांचा विचार होतो. नुसतं कॉलेजकडून खेळणं तिथे पुरत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याचे निकष वेगळे आहेत. ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.
म्हणून कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा: गेल्या तीन वर्षांत या खेळात तुमचे किती खेळाडू विद्यापीठाच्या टीममध्ये गेले? उत्तराची खात्री विद्यापीठाच्या क्रीडा विभागात करा.

ट्रॉफीवरून ठरवू नका
आंतरविद्यापीठ खेळांत सर्वोत्तम ठरलेल्या विद्यापीठाला केंद्र सरकार 1956-57 पासून मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी देते. हा मोठाच मान आहे. पण तो मिळतो संपूर्ण विद्यापीठाला, सगळ्या खेळांची कामगिरी मिळून. तुमच्या कॉलेजमध्ये तुमच्या खेळाचा कोच आहे की नाही, हे त्यावरून समजत नाही.

स्वतः जाऊन पाहा
सरावाच्या वेळी, न कळवता जा. मैदान कॉलेजचं आहे की भाड्याचं? कोच रोज येतो की फक्त स्पर्धेआधी? सध्याच्या खेळाडूंशी कोच नसताना बोला. मध्येच टीम सोडलेला कुणी भेटला, तर त्याचंही ऐकून घ्या.

अभ्यास, दुखापत, पोशाख
बहुतेक ठिकाणी 75 टक्के हजेरी लागते. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरतात का? परीक्षा बुडाली तर पुन्हा घेतात का? दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, आणि फी माफी चालू राहणार का?
मुलींच्या बाबतीत प्रवासात महिला व्यवस्थापक सोबत असते का, हे विचारा. डोकं झाकून खेळायला फुटबॉलमध्ये फिफाने 2014 मध्ये आणि बास्केटबॉलमध्ये फिबाने 2017 मध्ये परवानगी दिली आहे. तरी कॉलेजचं म्हणणं आधीच स्पष्ट करून घ्या.

सगळं लेखी घ्या
फी किती माफ, किती वर्षांसाठी, कोणत्या अटीवर, हे कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर मूळ कागदपत्रं जमा करू नका आणि दुसरं कॉलेज पाहा.