आयरिश पारंपरिक लोकसंगीत आणि रॉक संगीत : सहयोगाचा ऐतिहासिक अभ्यास (१९६० ते १९९५)

प्रस्तावना :
१९९५ मध्ये आयर्लंडमधील 'द चीफ्टन्स' या पारंपरिक वाद्यवृंदाचा 'द लाँग ब्लॅक व्हेइल' हा ध्वनिमुद्रित संग्रह प्रसिद्ध झाला. मिक जॅगर, स्टिंग, व्हॅन मॉरिसन, शिनेड ओ'कॉनर, मार्क नॉफ्लर अशा रॉक व पॉप क्षेत्रातील नामवंत कलावंतांनी त्यात गायन केले. अशा प्रयोगांविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो : रॉकच्या संगतीने लोकसंगीत बिघडले की टिकले? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. या भेटीत यजमान कोण होता, पाहुणा कोण होता आणि श्रेय कोणाच्या पदरात पडले, हे तपासल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

परंपरेची घडण :
आयरिश पारंपरिक संगीत हे मूलतः एकट्या वादकाचे व एकट्या गायकाचे संगीत होय. फिडल, बासरी आणि कोपराखालील भात्याने हवा भरून वाजविले जाणारे 'इलिअन पाइप्स' ही त्याची प्रमुख वाद्ये. 'शॅन-नोस' ही जुनी गायनशैली तर कोणत्याही साथीशिवाय गायिली जाते. घराचे स्वयंपाकघर, गावचा चौक व लग्नसमारंभ हेच या संगीताचे रंगमंच होते. १८४५ पासूनच्या महादुष्काळाने व त्यानंतरच्या स्थलांतराने हे संगीत अमेरिकेत पोहोचले. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १८५० धुनांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो बऱ्याच अंशी स्थलांतरितांच्या स्मरणातून उभा राहिला होता. मायदेशी मात्र १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यासाठी परवाना आवश्यक ठरला आणि घरगुती नृत्याच्या प्रथेला धक्का बसला. या संगीताच्या संवर्धनासाठी 'कोल्टस' ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली.

१९६० च्या सुमारास संगीतकार शॉन ओ रीयाडा यांनी पारंपरिक वादकांचा वृंद उभारला. बोऱ्हान या चर्मवाद्याला त्यांनी वृंदात स्थान दिले आणि स्वतः हार्पसिकॉर्डसारखे पाश्चात्त्य अभिजात वाद्य वाजविले. याच वृंदातील पाइप्सवादक पॅडी मलोनी यांनी १९६२ मध्ये 'द चीफ्टन्स'ची स्थापना केली. म्हणजे १९९५ मध्ये ज्या वाद्यवृंदाकडे परंपरेचा प्रतिनिधी म्हणून पाहिले गेले, त्याची रचनाच अवघ्या पस्तीस वर्षांची होती. रॉकने एका अस्पर्श, शुद्ध परंपरेवर आक्रमण केले, हे गृहीतक येथेच डळमळीत होते.

रॉककडे गेलेले गाणे :
सहयोगाच्या पहिल्या टप्प्यात गाणे परंपरेतून उचलले गेले. परंपरेचे वादक मात्र मागे राहिले. डब्लिनच्या 'थिन लिझी' या रॉक गटाने १९७२ मध्ये 'व्हिस्की इन द जार' हे जुने लोकगीत विद्युत गिटारवर सादर केले व १९७३ च्या आरंभी ते ब्रिटिश लोकप्रियता यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. 'हॉर्सलिप्स' या गटाने १९७३ च्या 'द टॉइन' या संग्रहात प्राचीन आयरिश वीरकथेला रॉकचे रूप दिले. त्यातील 'जॅरग डूम' या गीताची मध्यवर्ती गिटारधून एका पारंपरिक कूचगीतावर बेतलेली आहे. या दोन्ही प्रयोगांनी शहरी तरुणांना स्वतःच्या वारशाची ओळख करून दिली, हे मान्य करावे लागते. तथापि लय, ध्वनी व मांडणी यांचे नियम रॉकचेच होते.

बदललेले यजमानपण :
दुसरा टप्पा १९८१ मध्ये ख्रिस्ती मूर व डोनल लनी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'मूव्हिंग हार्ट्स' या गटापासून मानता येईल. येथे डेव्ही स्पिलेन यांचे इलिअन पाइप्स विद्युत गिटार व सॅक्सोफोन यांच्या बरोबरीने उभे राहिले. ते केवळ रंगत आणणारे वाद्य नव्हते. १९८७ मध्ये लंडनच्या 'द पोग्ज' या पंक वळणाच्या गटाने 'द डब्लिनर्स' या ज्येष्ठ लोकगायकांसह 'द आयरिश रोव्हर' गायिले. 'पोग्ज'चे शेन मॅकगोवन हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, आयरिश मातापित्यांचे पुत्र होते. येथे दोन पिढ्यांची आणि मायभूमी व परदेश यांची भेट झाली.

१९८८ चा 'आयरिश हार्टबीट' हा संग्रह अधिक अर्थपूर्ण ठरतो. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार सुरू असताना पूर्व बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट वस्तीत वाढलेले व्हॅन मॉरिसन हे डब्लिनच्या 'चीफ्टन्स'सह जुनी गीते गात होते. हे संगीत एकाच पंथाची मालमत्ता नाही, हे त्यातून कोणत्याही घोषणेविना व्यक्त झाले.

१९९५ च्या संग्रहात 'चीफ्टन्स' हेच यजमान होते. स्टिंग यांनी 'मो गिले मार' या अठराव्या शतकातील काव्यावर आधारलेल्या गीतासाठी आयरिश भाषेतील शब्द उच्चारले. पाहुण्याला घरच्या भाषेत बोलावे लागले, हे लक्षणीय होय. मात्र ज्या गीतावरून संग्रहाला नाव मिळाले व जे जॅगर यांनी गायिले, ते आयरिश नव्हे. ते १९५९ मधील अमेरिकन कंट्री गीत आहे. यजमानही बाजारपेठेच्या गरजेपासून मुक्त नव्हता, याचा हा पुरावा मानता येईल.

श्रेयाचा प्रश्न :
'पारंपरिक' या शब्दात एक आर्थिक व्यवस्था दडलेली आहे. जुन्या धुनेवर कोणाचाही हक्क नसतो; मात्र तिची नवी मांडणी करणाऱ्यास मानधन मिळते. 'व्हिस्की इन द जार'च्या मांडणीचे श्रेय 'थिन लिझी'च्या तीन सदस्यांच्या नावे नोंदले गेले. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु ती गीते पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांचे काय? आयर्लंडच्या भटक्या समाजातील जॉन रायली यांच्याकडून संकलकांना अतिशय दुर्मिळ गीते मिळाली. त्यांच्याकडून आलेली गीते पुढे ख्रिस्ती मूर यांच्या 'प्लँक्स्टी' या गटाने १९७३ पर्यंत ध्वनिमुद्रित केली व ती जगभर पोहोचली. रायली मात्र १९६९ मध्येच दारिद्र्यात मरण पावले होते. मूर यांनी त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे. सर्वच अनाम गायकांच्या वाट्याला एवढेही आले नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, आयरिश परंपरा ही रॉकच्या आगमनापूर्वीच बदलत आलेली होती. दुसरी, जेथे पारंपरिक वादक मांडणीच्या निर्णयात सहभागी होते, तेथे सहयोगाने परंपरेला नवे श्रोते दिले. जेथे केवळ गाणे नेले गेले, तेथे प्रामुख्याने रॉकचा विस्तार झाला. तिसरी, परंपरेचे खरे नुकसान सुरांच्या मिश्रणाने झालेले नाही, ते वाहकांच्या विस्मरणाने झाले आहे. इलिअन पाइप्सच्या वादनास २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वाद्याला मान्यता मिळाली, ही आनंदाची बाब होय. परंतु लोकसंगीताच्या अभ्यासकाने धुनेच्या नोंदीबरोबर ती कोणाकडून मिळाली, त्या व्यक्तीचे नावही नोंदले पाहिजे. जॉन रायली यांचे उदाहरण हेच सांगते.