शिवसागरातली लाँच: एका देण्याची कुळकथा

महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातून पाच नद्या निघतात अशी आपली श्रद्धा. त्यांतल्या कृष्णा आणि वेण्णा पूर्वेला उतरून सपाटीला लागतात, सावित्री आणि गायत्री पश्चिमेला कोकणात जातात. कोयनेची चाल वेगळी. ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, सरळ दक्षिणेला सुमारे 65 किलोमीटर जाते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वाटेत सोळशी आणि कांदाटी तिला येऊन मिळतात. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि मधे अरुंद, लांबच लांब खोरं. धरण बांधायला याहून चांगली जागा सापडणं कठीण होतं. पण याच रचनेमुळे कोयना धरणाचं पाणी चढून शिवसागर जलाशय झाला तेव्हा त्या खोऱ्याचे नुसते दोन काठ झाले नाहीत. पाणी प्रत्येक उपनदीच्या घळीत शिरलं आणि डोंगरांच्या सोंडा तीन बाजूंनी वेढल्या गेल्या. एका सोंडेवरच्या वाडीतून समोरच्या सोंडेवरच्या वाडीत जायचं तर आज तापोळा, बामणोली किंवा शेंबडीहून लाँच धरावी लागते. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर बेटांसारखी वस्ती आणि तिला जोडणारी बोट, असं हे दृश्य आहे. ही बोट इथे आली कुठून, हा या लेखाचा प्रश्न.

महाबळेश्वरला येणाऱ्या पाहुण्याच्या मनात याचं उत्तर तयार असतं. तापोळ्यातली 'मिनी काश्मीर'ची पाटी, काठावर बांधलेल्या बोटी, नारिंगी लाइफ जॅकेटं हे सगळं पाहिल्यावर ही पर्यटनाची सोय आहे असंच कुणालाही वाटेल. थोडं वाचन असलेला माणूस म्हणेल की नदी आहे तिथे नाव असणारच, त्या जुन्या नावेला पुढे इंजिन लागलं एवढंच. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. शिवसागरातली लाँच नदीच्या नावेची वारस नाही आणि पर्यटनाची तर मुळीच नाही. ती धरणातून जन्मली. पायवाट बुडाली म्हणून तिच्या बदल्यात ती आली. हे मूळ लक्षात घेतल्याशिवाय ती कुणी चालवावी, कुणाच्या खर्चानं चालवावी, याचा निवाडा करता येत नाही.

आधी नदीच्या नावेचं बघू. सातारा-सांगली भागात नद्या ओलांडण्याची पद्धत शतकानुशतकं एकच होती. उन्हाळ्या-हिवाळ्यात उतार शोधायचा आणि पाण्यातून चालत किंवा बैलगाडीनं पलीकडे जायचं. पावसाळ्यात नावाड्याला हाक मारायची. नाव नसेल तर गुळाची काहील पाण्यात सोडून तीतून माणसं नेण्याची रीतही कृष्णाकाठाला होती. दख्खनच्या नद्या पावसावरच्या, त्यामुळे नावेचा खरा हंगाम चार महिन्यांचा. इंग्रजी अमलात यावर कायदा आला तो मुंबई इलाख्याचा 1868 चा. महत्त्वाच्या तरी, म्हणजे नावेनं पलीकडे नेण्याच्या जागा, सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यांचे लिलाव होऊ लागले आणि ते उत्पन्न स्थानिक फंडाकडे जाऊ लागलं. पूल झाला की तर आपोआप संपायची. सांगलीला 1929 साली आयर्विन पूल झाला आणि गावापाशी नावेचं काम उरलं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शिवसागरात प्रवासी लाँच आणि गाड्या नेणारा तराफा चालवत आली ती सातारा जिल्हा परिषद. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या आणि जुन्या लोकल बोर्डांची कामं त्यांच्याकडे आली. मग तरीचा वारसा थेट लाँचपर्यंत येतो, कागदोपत्री कूळ सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. कागदापुरतं ते खरंही आहे. पण दोघींचे हिशेब शेजारी ठेवले की नातं तुटतं. जुनी तर बोर्डाला पैसा मिळवून देत होती. तिचा ठेका घ्यायला माणसं बोली लावत. लाँचचा पैसा उलट्या दिशेनं वाहतो. दहा-वीस घरांच्या वाड्यांवरून जाणाऱ्या बोटीचं इंधन, चालक आणि दुरुस्ती यांचा खर्च तिकिटातून निघणं शक्य नाही. आणि हंगामही उलटा झाला आहे. तर पावसाळ्यात चाले आणि उन्हाळ्यात थांबे, कारण उन्हाळ्यात तिची गरजच नसे. लाँचची परीक्षा मे महिन्यात असते. पाणी खाली जातं, बोट काठाला लागत नाही, आणि मधे गाळ असल्यामुळे चालत जायचीही सोय नसते. जिची कमाई, हंगाम आणि गरज तिन्ही गोष्टी उलट, तिला जुन्या तरीची लेक कसं म्हणायचं?

दुसरा दावा कोकणाचा. यंत्राची बोट मराठी माणसाच्या ओळखीची झाली ती मुंबई बंदरात आणि कोकणच्या खाड्यांत. भाऊच्या धक्क्याहून रेवस-मोऱ्याला जाणारी लाँच, किनाऱ्यानं बंदरं घेत जाणारी आगबोट यांतूनच. शिवसागरातल्या बोटीचा साचा तिकडचा आहे हे मान्यच करायला हवं. अंतर्गत पाण्यातल्या बोटींची नोंदणी आणि तपासणीही किनारा सांभाळणाऱ्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडेच आहे. पण साचा तिथून आला म्हणून जन्म तिथला होत नाही. कोकणातल्या गावांनी वस्तीच मुळी बंदर पाहून केली. इंडोनेशिया, फिलिपाईन्ससारख्या हजारो बेटांच्या देशांत तर माणसं बेटावर पोचली तीच होडीतून. तिथे बोट आधी आणि गाव नंतर. कोयनेत हजार वर्षं गाव होतं, भातखाचरं होती, पाऊलवाट होती. बोट आली ती हे सगळं पाण्याखाली गेल्यावर.

ते कसं घडलं हे थोडं जवळून पाहायला हवं. कोयना प्रकल्पाला मंजुरी मिळाली 1953 साली, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडू लागलं. धरणाची उंची 103 मीटर, आजची साठवण 105 टीएमसी, जलाशयाची लांबी सुमारे 50 किलोमीटर. शंभराच्या आसपास गावं बाधित झाली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कुणी कोकणात आणि ठाण्याकडे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा 1976 चा आहे, म्हणजे कोयनेची माणसं कायद्याच्या आधीच उठली. त्यांच्या हालांबद्दल निदान बोललं तरी जातं. श्रमिक मुक्ती दलानं भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या पुनर्वसनाचा लढा आजवर जागता ठेवला आहे. जी माणसं गेली नाहीत त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्यांची नदीकाठची खाचरं गेली, वाट गेली, उतार गेला, आणि घरं डोंगरउतारावर वर सरकली. कागदावर ती विस्थापित झालीच नाहीत. तरीही समोरच्या काठावरची बाजारपेठ आणि माहेर एका पावसाळ्यात पाण्यापलीकडे गेलं. धरणाच्या परिणामांच्या याद्यांमध्ये वीज असते, सिंचन असतं, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप असतो. त्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं आहे. 'एक आख्खं खोरं बेटांसारखं झालं' ही नोंद त्या याद्यांत सहसा सापडत नाही. ती नोंद म्हणजे ही लाँच.

लाँच काठाला लागते कशी, एवढं पाहिलं तरी तिचं मूळ कळतं. कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणालाही चार-पाच मीटरचा. त्यामुळे दगडी धक्का बांधता येतो. पाणी पायऱ्या चढतं, उतरतं, धक्का जागेवर राहतो. कोयनेला भरती वर्षातून एकदाच येते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी 2163 फुटांच्या पूर्ण पातळीला टेकतं, आणि पुढच्या जूनपर्यंत टंचाईच्या वर्षी शंभर फुटांच्या आसपास खाली जातं. शंभर फूट उभ्या फरकाला पुरेल असा धक्का कोण बांधणार? म्हणून इथे बोटीचं नाक सरळ काठाच्या मातीत घुसवतात, फळी टाकतात आणि माणूस उतरतो. दर पंधरवड्याला उतरायची जागा खाली सरकते. डिसेंबरात जिथे पाय ठेवला तिथून एप्रिलमध्ये लाल मातीचा उघडा उतार तुडवत पाण्यापर्यंत जावं लागतं, डोक्यावर तांदळाचं पोतं, खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन. आजारी माणूस असेल तर त्याला डोलीत घालून. मुंबईत माथाडीचं काम करणारा मुलगा यात्रेसाठी गावी येतो, तोही एसटीतून उतरून याच चिखलातून बोटीत चढतो.

आणि हे पाणी किती वेगानं उतरायचं हे पाऊस ठरवत नाही, वीजघर ठरवतं. कृष्णा पाणी लवादानं पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी नेण्याची मर्यादा घातली आहे. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळी-अलोरेला जाऊन वाशिष्ठीला मिळतं. 13 मार्च 1999 ला आणि नंतर 25 एप्रिल 2012 ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून 'लेक टॅपिंग' झालं. देशात असं तंत्र प्रथमच वापरलं गेलं आणि आपल्या अभियंत्यांचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं. त्याचा उद्देश अधिक खालच्या पातळीवरचं पाणी वापरता यावं हा. प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉटवर गेली. पण जलाशयाच्या शेपटाकडे, म्हणजे तापोळ्याच्या बाजूला, पाणी आधी हटतं. बोटीचं वेळापत्रक तिकिटाच्या खिडकीवर लागत असलं तरी ते लिहिलं जातं धरणाच्या भिंतीपाशी.

ही बोट नक्की कोणत्या कुळातली, याचा सगळ्यात चांगला पुरावा मला बांगलादेशात दिसतो. तिथे कर्णफुली नदीवर 1962 साली काप्ताई धरण झालं. लाखभर माणसं उठली, त्यांतली बहुतेक चकमा. डोंगरांचे माथे बेटं झाले, आणि तेव्हापासून रांगामाटीहून आतल्या गावांना लाँच जाते. उन्हाळ्यात तलाव आटला की तीही थांबते आणि गावं अडकतात. दोन देश, दोन भाषा, एकमेकांची खबरबात नाही, तरी एकाच दशकात अगदी सारखी बोट आणि अगदी सारखं गाऱ्हाणं. जुन्या नावेतून किंवा पर्यटनातून असं सारखेपण येत नाही. दोन्हीकडे समान आहे ते धरण.

अजून एक आक्षेप नेहमी घेतला जातो: जावळीचं खोरं आधीपासूनच दुर्गम होतं, धरणाला कशाला दोष देता? 1656 साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि तीन वर्षांनी अफझलखानाला याच मुलखात ओढून आणलं, ते ती दुर्गम होती म्हणूनच. वासोटा किल्ला तुरुंग म्हणून वापरला गेला तोही याचमुळे. हे सगळं खरं आहे. पण परक्या फौजेला दुर्गम असणं वेगळं आणि तिथल्या माणसाला अडवणूक होणं वेगळं. कांदाटीचा शेतकरी वर्षाचे आठ महिने नदी पायी ओलांडत होता, हातलोटच्या घाटानं कोकणात उतरत होता. त्याची वाट अवघड होती, पण ती त्याच्या पायात होती. आता ती दुसऱ्याच्या इंजिनात आहे.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. कोयना अभयारण्य 1985 सालचं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 चा. वासोट्याला जाणारे लोक बामणोलीहून तास-दीड तास बोटीनं मेट इंदवलीला उतरतात, आणि ते मेट इंदवली हेही उठलेलं गाव. गावकऱ्यांच्या बोट क्लबांना यातून चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. खोऱ्यात रोजगार आहेच किती? पण पर्यटक या बोटीत सगळ्यात शेवटी चढला. तो येतो म्हणून लाँच आहे असं समजून नियोजन केलं, तर पावसाळ्यात तो येत नाही तेव्हा आतल्या वाडीतल्या बाळंतिणीनं काय करायचं?

आता पुलांचे दिवस आले आहेत. तापोळा-अहीर पुलाचं काम हाती घेतलं गेलं आहे आणि ते व्हायलाच हवं. साठ वर्षांचा उशीर झाला आहे. मात्र सांगलीला एका पुलानं नाव संपली तसं इथे होणार नाही. इथे काठ दोन नाहीत, अनेक आहेत. एक पूल दोन सोंडा जोडेल, त्यांच्यामागच्या घळींतल्या वाड्यांना लाँच लागणारच. अंदमानात सरकार बेटांमधली बोट चालवतं आणि तिथल्या रहिवाशांना सवलतीचं भाडं देतं, कारण समुद्र मधे आहे हा त्यांचा दोष नाही असं ते मानतं. कोयनेत तर पाणी मधे आणलंच सरकारनं. तेव्हा या लाँचचा खर्च जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या तिजोरीवर न टाकता वीज प्रकल्पाच्या हिशेबात धरावा, पाणी उतरेल तशा खालच्या पातळ्यांवर उतरायच्या जागा आणि तिथपर्यंत पक्के रस्ते बांधावेत, आणि पाणी किती सोडायचं हे ठरवताना मे महिन्यातल्या बोटीचाही विचार व्हावा. कोयनेच्या विजेवर ज्यांची घरं उजळली, त्या सगळ्यांनी ही मागणी आपली म्हणून उचलली पाहिजे.