ट्रुम्पेल्दोर, योसेफ

ट्रुम्पेल्दोर, योसेफ : (१८८०–१ मार्च १९२०). रशियात जन्मलेला, पॅलेस्टाइनमध्ये स्थलांतरित झालेला ज्यू सेनाधिकारी व झायनवादी कार्यकर्ता. कॉकेशसमधील प्यातिगोर्स्क येथे जन्म. वडील झार निकोलस पहिला याच्या काळात सक्तीने लष्करात भरती झालेले होते. अशा जुन्या सैनिकांच्या कुटुंबांना ज्यूंसाठी ठरवून दिलेल्या वस्तीक्षेत्राबाहेर राहण्याची मुभा असे. शिक्षणात मात्र ज्यूंवरील निर्बंध आडवे आले आणि योसेफ दंतवैद्यकाकडे वळला.

१९०२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्यात तोफगोळ्याने जखमी होऊन डावा हात गेला. घरी परतण्याचा हक्क असताना त्याने वरिष्ठांकडे लेखी अर्ज केला, की आपला उजवा हात शाबूत आहे, तेव्हा तलवार व पिस्तूल देऊन पुन्हा आघाडीवर पाठवावे. अर्ज मान्य झाला. जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले आणि तो जपान्यांच्या कैदेत गेला. ओसाकाजवळच्या छावणीत त्याने ज्यू कैद्यांसाठी वर्ग चालवले, पत्रक काढले. सुटकेनंतर शौर्यपदके मिळाली, अधिकारपदही मिळाले. त्या सैन्यात ज्यूला हे सहसा लाभत नसे.

पीटर्सबर्गमध्ये कायद्याचा अभ्यास करून तो १९१२ मध्ये पॅलेस्टाइनला गेला. मिग्दल व देगानिया येथे शेतमजुरी केली. पक्का शाकाहारी, टॉलस्टॉयच्या विचारांनी भारलेला आणि समाजवादी असा हा माणूस एका हाताने नांगर धरी. महायुद्ध सुरू होताच ऑटोमन नागरिकत्व नाकारल्यामुळे त्याला इतर ज्यू निर्वासितांबरोबर अलेक्झांड्रियाला जावे लागले.

तेथे त्याने व झायनवादी नेता व्लादिमिर जाबोतिन्स्की याने ज्यू पलटणीची मागणी केली. ब्रिटिशांनी देऊ केले ते खेचरांचे वाहतूक पथक, तेही पॅलेस्टाइनसाठी नव्हे. जाबोतिन्स्कीला हा अपमान वाटला व तो बाजूला झाला. तुर्कांशी कुठल्याही आघाडीवर लढलो तरी वाट झायनकडेच जाते, असे म्हणून ट्रुम्पेल्दोरने ते स्वीकारले. ‘झायन म्यूल कोर’ची सुमारे साडेपाचशे माणसे एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीला निघाली. प्रमुख होता कर्नल जॉन पॅटरसन. युगांडा रेल्वेवरील हिंदी मजुरांना खाणारे त्सावोचे सिंह मारणारा पॅटरसन तो हाच. खंदकांपर्यंत दारूगोळा व पाणी पोचवताना पथकावर सतत मारा होई. ट्रुम्पेल्दोरच्या खांद्यात गोळी शिरली. वर्षअखेरीस पॅटरसन आजारी पडल्यावर पथकाची सूत्रे त्याच्याकडे आली.

क्रांतीनंतर रशियात जाऊन, कॉकेशसमार्गे पॅलेस्टाइनवर चालून जाणारे ज्यू सैन्य उभारण्याचा घाट त्याने घातला. तो फसला, तरुणांना शेतीचे शिक्षण देणारी ‘हेखालुत्स’ चळवळ मात्र उभी राहिली.

१९१९ मध्ये तो परतला तेव्हा उत्तर गॅलिलीतील तेल हाई व आसपासच्या वस्त्या ब्रिटिश आणि फ्रेंच अंमलांच्या मधल्या निर्नायकी पट्ट्यात सापडल्या होत्या. फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या अरब टोळ्यांचा तेथे वावर होता. फेब्रुवारी १९२० मध्ये ज्यू नेत्यांत वाद झाला. कुमक पाठवणे अशक्य असल्याने वस्त्या सोडाव्यात, असे जाबोतिन्स्कीचे मत. बेन गुरियन टिकून राहण्याच्या बाजूचा. पुरेशी मदत वेळेत पोचली नाही, हे खरे. १ मार्चला अरब प्रमुख कामिल एफेंदीची सशस्त्र माणसे फ्रेंच सैनिकांच्या शोधासाठी तेल हाईच्या आवारात आली. अशी झडती पूर्वीही झाली होती. या वेळी माडीवरच्या खोलीत एका तरुणीच्या पिस्तुलावरून झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कोणाची, यावर आजही एकमत नाही. पोटात गोळी लागलेला ट्रुम्पेल्दोर संध्याकाळी क्फार गिलादीला नेताना वाटेत मरण पावला. त्या दिवशी त्याच्यासह सहा ज्यू व पाच अरब ठार झाले. देशासाठी मरणे चांगले, या आशयाचे त्याचे शेवटचे शब्द प्रसिद्ध आहेत. अविश्वसनीय म्हणून ते थट्टेचाही विषय झाले. पण सोबतच्या डॉक्टरची साक्ष त्यांच्या बाजूने आहे.

मृत्यूनंतर त्याच्या वारशावर डाव्या व उजव्या अशा दोन्ही झायनवादी गटांनी दावा सांगितला. डाव्यांनी १९२० मध्ये श्रमपथकाला त्याचे नाव दिले. रिगा येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बेतार’ या उजव्या युवक संघटनेच्या नावातही तोच आहे. या संघटनेचा नेता झाला, तो वस्त्या सोडा म्हणणारा जाबोतिन्स्की. तेल हाईच्या लढायांत एकूण आठ जण पडले. त्यांच्यावरून जवळच्या किर्यात श्मोना या गावाचे नाव पडले. अव्राहम मेल्निकोव्हने घडवलेला गर्जणाऱ्या सिंहाचा पुतळा १९३४ पासून तेल हाईच्या दफनभूमीत उभा आहे.