परवानगीची जमीन

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात मुलाकडे तीन महिने राहिलो, तेव्हा शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या तोंडी एक शब्द वारंवार ऐकू येई : ‘परमिशन’. “माझ्याकडे सध्या तीन परमिशन आहेत,” ते सांगत. “त्यातल्या एकीत पेरणी झाली. आता पुढच्या सुगीपर्यंत ती बंद.” परवानगीत पेरणी कशी होते, हे मला आधी कळेना. मग उलगडा झाला. धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळणाऱ्या त्या मंडळींच्या बोलीत परवानगी म्हणजे नुसता होकार नव्हे. ज्या जमिनीवर फिरायचा होकार मिळाला, ती जमीनच.

यंत्र दुकानात मिळते, जमीन मिळत नाही. त्या देशात बिनमालकी वाटणाऱ्या जागेलाही कोणी ना कोणी मालक असतो. शेतातून सार्वजनिक पायवाट गेली असेल, तर तिच्यावरून चालायचा हक्क सर्वांना आहे. तिच्याखालची माती उकरायचा नाही. गावची बाग नगरपालिकेची. लंडनमध्ये ओहोटीला उघडा पडणारा थेम्सचा काठ धुंडाळायचा, तर तिथल्या बंदर प्राधिकरणाचा परवाना काढावा लागतो. आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत सरकारी संमतीवाचून असे यंत्र वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग शेतमालक कितीही राजी असो. म्हणून हे लोक नकाशे पाहतात, ओळखी काढतात, पत्रे लिहितात आणि शेवटी कोणाच्या तरी फाटकाशी जाऊन उभे राहतात.

असे एकदा मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो. त्यांच्या खिशात मंडळाचे विम्याचे कार्ड होते आणि हातात पत्र्याचा एक डबा. डब्यात दुसऱ्या शेतातून निघालेले भंगार होते : गंजलेले खिळे, शिशाचे तुकडे, नांगराचा मोडका फाळ. “हे तुमच्या ट्रॅक्टरच्या टायरात घुसण्याआधी मी काढून देतो,” ही त्यांची प्रस्तावना. शेतकऱ्याने मोजके प्रश्न विचारले. खड्डे बुजवणार का? फाटक लावून घेणार का? काही सापडले तर? शेजाऱ्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. जे सापडेल ते मालकाला दाखवायचे, मोल आले तर निम्मेनिम्मे. शेतकऱ्याने दोन शेते दिली. तिसऱ्यात मेंढ्या होत्या, ते नाकारले. पाव तासात सही झाली. काहीच सापडलेले नसताना, सापडल्यावर काय करायचे हे दोघांनी ठरवून टाकले होते.

याच परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज या निवृत्त मित्राला बोलावले, कारण लॉज यांच्याकडे धातुशोधक यंत्र होते. हातोडा शोधताना यंत्र वाजले आणि मातीतून रोमन नाणी नि चांदीचे चमचे वर आले. काही वस्तू काढल्यावर लॉज थांबले. रात्र जागून उरलेले उपसत बसण्याऐवजी त्यांनी कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा रीतसर उकरली.

तिथे सुमारे १५,००० नाणी निघाली, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी. पण माझ्या मते मोठी गोष्ट वेगळीच आहे. लॉज थांबले म्हणून कोणती वस्तू कशाशेजारी होती हे टिपता आले. लाकूड कुजून गेले होते, तरी सारे एका पेटीत होते आणि त्या पेटीत लहान लहान डबे होते, हे कळले. चांदीची इवली कुलपेसुद्धा सापडली. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७-४०८ च्या सुमाराची, म्हणजे ठेव त्यानंतर पुरलेली : रोमची सत्ता ब्रिटनमधून ओसरत होती त्या काळातली. कोणीतरी घाईत नव्हे, नीट घड्या घालून आपले वैभव मातीत ठेवले आणि परत आले नाही. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सगळेच लॉज नसतात. सरेमधील वॉनबरो येथे रोमन काळातले एक देवस्थान होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लोकांनी रात्री यंत्रे घेऊन ते अक्षरशः ओरबाडले. चोरांना धरले तरी तेव्हाचा मध्ययुगीन कायदा अपुरा पडे, कारण धन परत काढून घेण्याच्या हेतूने पुरले होते, हे त्यात सिद्ध करावे लागे. देवाला वाहिलेले नाणे परत घेण्यासाठी कोण पुरतो? या लुटीतून उठलेल्या चर्चेने १९९६ चा नवा कायदा घडायला हातभार लागला. ठरावीक प्रकारची ठेव सापडल्यास १४ दिवसांत कळवायचे. संग्रहालयाला ती हवी असेल तर स्वतंत्र समिती बाजारभावाने किंमत ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात विभागली जाते. पुढच्याच वर्षी, कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या साध्यासुध्या वस्तूही स्वखुशीने नोंदवून घेणारी योजना सुरू झाली. आज तिच्यात दहा लाखांहून कितीतरी अधिक नोंदी आहेत. तरी लोभ संपला असे नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये राजा आल्फ्रेडच्या काळातली ठेव दोघांनी न कळवता परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, पण बरीचशी नाणी पांगली ती पांगलीच.

हे सारे डोक्यात घेऊन मी इंदूरला परतलो आणि दिवाळीत नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी गेलो. पुतण्याने ऑनलाइन एक डिटेक्टर मागवला होता. जुन्या विहिरीभोवती फिरवून पाहू म्हणाला. मी सहज विचारले, “कुणाला विचारलंस का?” तो हसला. “काका, रान आपलंच आहे. सातबारा आपल्या नावावर. विचारायचं कुणाला?”

विहिरीचे कारण घरात सर्वांना ठाऊक आहे, पण मोठ्याने कोणी बोलत नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात ती विहीर खोदताना एक गाडगे निघाले. चांदीचे रुपये होते. त्याच रात्री ते वाटले गेले आणि आठवड्याभरात सोनाराच्या मुशीत गेले. एक रुपया देव्हाऱ्यात राहिला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागते. लहानपणी मी त्याला लक्ष्मीचे नाणे समजत असे.

काही वर्षांपूर्वी मी तो एका जाणकाराला दाखवला. त्यावर बादशहा शाह आलमचे नाव फारसीत आहे. मला वाटले, झाले काम. ते म्हणाले, यावरून फारसे काही कळत नाही. शाह आलमच्या नावाने शिंद्यांनी रुपये पाडले, होळकरांनी पाडले, ईस्ट इंडिया कंपनीनेही पाडले. टांकसाळीचे नाव वाचावे, तर ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने ते कडेबाहेर गेलेले. सालाचा आकडाही अर्धाच. “बाकीची असती तर सांगता आलं असतं,” ते म्हणाले. एकावर एका बाजूचे अक्षर उमटते, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूचे. दहा नाणी शेजारी ठेवली की नाव पुरे होते. शेवटच्या नाण्याचे साल सापडले की गाडगे त्याआधी पुरले नव्हते, एवढे तरी पक्के होते. मग १८०३ च्या दुष्काळाचा किंवा १८१८ च्या सत्तापालटाचा विचार करता आला असता. एकट्या नाण्याला ते कसे सांगता येणार?

पुरी ठेव काय सांगू शकते, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. जिंकलेल्या शत्रूचा पैसा गोळा करून त्यावर आपले नाव छापलेले! नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात त्याच्या आईने मुलाच्या विजयाचा अभिमान कोरून ठेवला आहे. त्या अभिमानाला चांदीचा पुरावा मिळाला. हीच नाणी दहा-वीस करून विकली गेली असती, तर ठसे दिसले असते, प्रमाण दिसले नसते.

मग आमच्या घराने कळवले का नाही? भीतीने. सरकार सगळे नेईल, वर चौकशी लावील. पुतण्यालाही तेच वाटत होते. मी त्याला १८७८ चा कायदा सांगितला. तो आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवायचे. न कळवल्यास शिक्षा. दावेदार नसेल आणि आपसांत वेगळे ठरलेले नसेल, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारला ठेव हवी असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते ती घेऊ शकते. यात भीतीचे एक कारण दिसतेच. इंग्लंडात नाण्याचे मोल होते, इथे धातूचे. सोनारही जवळपास तेवढेच देतो आणि प्रश्न विचारत नाही. पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मातीखालचे सारे आपले, हे कायद्याने खरे नाही.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तीन हिस्से शोधणाऱ्याचे? पण विहीर काय आजोबांनी खोदली नव्हती.”

हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. इतकी वर्षे मी इतिहासाचे नुकसान मोजत होतो. आम्ही दोघे आत्याकडे गेलो. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि भाकरी घेऊन विहिरीवर जायची.

“आत्या, गाडगं कुणाला सापडलं गं?”

“माती उपसायला बाया होत्या. त्यातल्या एकीच्या पाटीत खापर आलं. तिनंच ओरडून सांगितलं.”

“तिला काय मिळालं?”

“लुगडं दिलं होतं आईनं. आणि वर्षभर दळण.” थोडे थांबून ती म्हणाली, “गप राहायचं म्हणून.”

इंग्लंडात फाटकाशी झालेली ती सही तेव्हा मला आठवली. मला ती त्या लोकांची शिस्त वाटली होती. आता तिचा दुसरा अर्थ कळला. सापडण्याआधी ठरवले म्हणजे सापडल्यावर जबरदस्त बाजू दुसऱ्याला गप्प करू शकत नाही. जो बोलायला मोकळा आहे, त्याच्याकडूनच इतिहासाला बातमी मिळते. आमच्या विहिरीवर पहिली बातमी देणारी बाई होती, आणि तिलाच लुगडे देऊन गप्प केले गेले.

पुतण्याने यंत्र खोक्यात ठेवले. मी एका कागदावर लिहिले : विहिरीची जागा, साल, गाडगे किती हातांवर लागले, किती बाया, किती गडी, आत्याला जेवढे आठवले तेवढे. त्या बाईचे नाव तिला आठवत होते. तेही लिहिले. कागद देव्हाऱ्यातल्या डबीत रुपयाखाली घडी घालून ठेवला आहे. तिच्या घरचे कोणी तालुक्याला असतात, असे कळते. पुढच्या खेपेला तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.