गाडलेल्याची हाक

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस ओरडला, तरी त्याचा आवाज सहसा वर पोचत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियन गिर्यारोहक ऑयगेन ऑर्टेल यांनी एक साधी युक्ती सुचवली: धोक्याच्या उतारावर कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडायची. माणूस बुडाला तरी हलकी दोरी वर राहील, अशी अपेक्षा. पुढे दोरीवर धातूच्या खुणा आल्या. माणूस कोणत्या बाजूला आहे ते त्यांवरचा बाण सांगे. पण दोरीही अनेकदा माणसासोबत गाडली जाई.

१९६८ साली अमेरिकेत, बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी खिशात मावेल असं रेडिओयंत्र बनवलं. १९७१पासून ते ‘स्काडी’ नावानं विकलं जाऊ लागलं. स्काडी ही नॉर्स पुराणातली हिवाळ्याची, डोंगरांची देवता. चालताना प्रत्येकाचं यंत्र संकेत सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीचे आपापली यंत्रं ऐकण्यावर लावतात. इअरफोनमधला आवाज वाढला, की आपण जवळ आलो. मात्र मोठ्या आवाजातले बारीक चढउतार कानाला कळत नाहीत, म्हणून जवळ जाल तसा आवाज कमी करत न्यायचा. जीव कासावीस झालेला असताना हे जमवणं सोपं नव्हे.

स्काडी २.२७५ किलोहर्ट्झवर बोले. युरोपात ४५७ किलोहर्ट्झवर चालणारी यंत्रंही निघाली. त्यांचा पल्ला अधिक. परिणाम असा, की एकाच डोंगरावर दोघांकडे यंत्र असूनही एकाची हाक दुसऱ्याला ऐकू येईना! मधल्या काळात दोन्ही फ्रिक्वेन्सींची यंत्रं विकली गेली. अखेर १९८६ साली ४५७वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं. माझ्या मते या कुळकथेतला खरा शोध हाच. उपकरण त्यामानानं लवकर हाती आलं होतं.

घाई किती करायची, ते स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनांवरच्या १९९४च्या एका अभ्यासानं दाखवलं. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के जगत. पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम ३० टक्के. बचावपथक येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, त्यामुळे सगळी मदार सोबत्यांवर. १९९७ साली ‘ट्रॅकर’ हे दोन अँटेनांचं डिजिटल यंत्र आलं आणि कानाचं काम पडद्यावरच्या दिव्यांनी आणि आकड्यांनी घेतलं.

तरी नुसत्या यंत्रावर भागत नाही. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं आवळून बसतं. म्हणून पाठपिशवीत घडीची लांब सळई आणि धातूचं फावडं हवंच, कारण जागा सापडल्यावर सर्वांत जास्त वेळ खणण्यात जातो.