पाड्यापर्यंत गेलेली मदत

मे १९४५. आज तलासरी तालुक्यात असलेलं झरी गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. तिथं हजारो वारली आदिवासी जमले आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली त्यांनी ठरवलं, की यापुढे वेठबिगार करायची नाही आणि दिवसाला बारा आण्यांहून कमी मजुरी घ्यायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांनी आधी हक्काचं मागितलं, दान नव्हे. या भागातल्या समाजकार्याचा इतिहास सांगताना सुरुवात झरीपासूनच करायला हवी.

त्याच वर्षी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. अंगणात मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? त्यांच्या जागी खडे, चिंचोके, शंखशिंपले आणि झाडांची पानं आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा या अंगणांतून आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला.

कंपन्या आल्या त्या बऱ्याच नंतर. १९९५ मध्ये डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, तेही चिकूच्या वाड्या आणि खाडीच्या शेजारी. त्याआधीच, १९९१ मध्ये, तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा चालू व्हायला मात्र २००७ उजाडलं. हे काम उपकाराच्या खात्यात धरता येणार नाही. शेजाऱ्याच्या वाडीवर आपला धूर जाऊ न देणं हे कंपनीचं पहिलं देणं आहे. दवाखान्याची गाडी आणि शाळेची दप्तरं त्यानंतर.

१ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला देणं कायद्याने बंधनकारक झालं. या खर्चासाठी वापरला जाणारा ‘सीएसआर’ हा शब्द आता गावोगावी ऐकू येतो. कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही हा कायदा सांगतो. पण काय द्यायचं हे संचालक मंडळ ठरवतं आणि तिथं पाड्यावरचं कुणी बसलेलं नसतं. ताराबाई-अनुताईंनी आधी मुलाचा दिवस पाहिला, मग शाळेची वेळ आणि जागा ठरवली. कंपन्यांनी त्यांच्याकडून घ्यावं ते हेच.

काय द्यायचं हे पाड्याला विचारून ठरवायला नवा कायदा लागणार नाही. त्याच २०१४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राचे पेसा नियम, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम, लागू झाले. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि या नियमांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते.