बॅकअपची हार्ड डिस्क अचानक रिकामी दिसली तर काय करावं?

ईदला सगळे घरी जमलेत. भाईजानच्या निकाहचा व्हिडिओ बघू या म्हणून कुणीतरी टीव्हीला हार्ड डिस्क जोडली, आणि पडद्यावर काहीच नाही. लॅपटॉपला लावली तर मेसेज आला, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. सहा-सात वर्षांचे फोटो, अब्बू आखातात असतानाचे व्हिडिओ, दादांच्या शाळेच्या दाखल्याचं स्कॅन, सगळं त्या एकाच डबीत. हे आमच्या घरी घडलेलं आहे. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही घाईने जे केलं त्यानेच जास्त नुकसान झालं, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट समजून घ्या. फाइल 'दिसत नाही' म्हणजे ती नष्ट झाली असं नव्हे. डिस्कवर एका जागी यादी असते, कुठली फाइल कुठे ठेवली आहे त्याची, आणि बाकी जागेत प्रत्यक्ष फोटो-व्हिडिओ. बहुतेक वेळा बिघडते ती यादी. शाळेच्या जनरल रजिस्टरचं पान फाटलं म्हणून मूल वर्गातून गायब होत नाही, तसंच हे. पण त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं गेलं. म्हणून पहिला नियम असा: त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका, फॉरमॅट दाबू नका, डेटा परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका.

डिस्क दिसतच नसेल

यात घाबरण्यासारखं सर्वात कमी असतं. केबल बदलून बघा. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी पिन सैल होणं फार कॉमन आहे. यूएसबी हब किंवा एक्स्टेंशन काढून थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. टेबलावर ठेवायची मोठी डिस्क असेल तर तिला वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो, तो गेला असेल तर डिस्क मेल्यासारखीच वाटते. दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावताना व्होल्ट आणि पिन दोन्ही जुळवून घ्या.

एवढं करूनही 'धिस पीसी'मध्ये दिसली नाही तर विंडोजचं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क दिसते पण तिला अक्षर नाही, असं असेल तर राइट क्लिक करून नवीन अक्षर द्या, काम झालं. 'इनिशियलाइझ' करू का असं विचारलं तर मात्र नको म्हणा.

फॉरमॅट करा म्हणतेय

यादी बिघडली की विंडोजला डिस्क कोरी वाटते आणि ते हा मेसेज देतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा डिस्कपुढे 'रॉ' लिहिलेलं असतं. कॉपी चालू असताना केबल ओढणं, लाइट जाणं, टीव्ही बंद न करता डिस्क काढणं, ही नेहमीची कारणं. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कला हा धोका जास्त, कारण एनटीएफएसमध्ये बदलांची जी नोंदवही ठेवली जाते ती एक्सफॅटमध्ये नसते. आणि टीव्ही, मोबाइल, मॅक, विंडोज सगळीकडे चालावी म्हणून आपण नेमकी एक्सफॅटच निवडतो!

टीव्हीचा आणखी एक प्रकार आहे. काही स्मार्ट टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी जोडलेली डिस्क 'तयार' करू का असं विचारतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि गेम खेळायची मशीनही तेच करतात. ते तयार करणं म्हणजे फॉरमॅट. लहान मुलाने रिमोटवर ओके दाबलं की झालं. घरातल्यांना रागावून न विचारता नीट विचारा, शेवटची कुठे लावली होती, कारण त्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आम्ही इथे काय केलं? विंडोजने 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं, आम्ही हो म्हटलं. तो प्रोग्राम यादी जुळवून देतो, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. जे तुकडे यादीत बसले नाहीत ते त्याने 'फाउंड' नावाच्या एका फोल्डरमध्ये, न उघडणाऱ्या सीएचके फाइली करून टाकून दिले. दुकानदारांपासून यूट्यूबवाल्यांपर्यंत सगळे आधी 'चेकडिस्क चालव' म्हणून सांगतात. माझं मत उलट आहे. डेटा दुसरीकडे सुरक्षित निघाल्याशिवाय ते चालवूच नये.

उघडते, पण फाइली नाहीत

डिस्क जोडलेली ठेवून रीसायकल बिन उघडा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून विंडोजमध्ये पुसलेल्या फाइली तिथे सापडू शकतात, पण डिस्क जोडलेली असतानाच दिसतात. पेनड्राइव्हला ही सोय नसते.

मग डिस्कची भरलेली जागा बघा. एक टीबीच्या डिस्कवर सातशे जीबी भरलेले दाखवतंय पण आत काही नाही, तर फाइली लपवलेल्या आहेत. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत लावलेल्या डिस्कला शॉर्टकट व्हायरस लागतो तो हाच. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, त्यावर क्लिक केलं की व्हायरस तुमच्या लॅपटॉपमध्ये. क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, पण सापडलेलं सगळं डोळे झाकून डिलीट करू नका. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा हा पर्याय चालू करा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. बऱ्याचदा नाव नसलेला एक फोल्डर दिसतो, सगळा संसार त्यात असतो.

खरोखर पुसल्या गेल्या असतील तर फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही दोन प्रोग्राम मोफत आहेत आणि चांगली आहेत. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं. फोटोरेक यादी बाजूला ठेवून डिस्कचा कानाकोपरा वाचतं आणि फोटो, व्हिडिओ, पीडीएफ ओळखून काढतं. त्याची उणीव अशी की फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो फोटो नंबर लागलेल्या नावांनी येतात. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख मात्र बहुधा टिकते, त्यावरून वर्षवार लावता येतात. मोठे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत साठवलेले असले तर ते अर्धवट निघतात. सापडलेला माल ठेवायला दुसरी, तेवढीच मोठी डिस्क आधी आणा. एसएसडी असेल तर आशा कमी ठेवा, कारण 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकू शकते.

टकटक, किरकिर, फारच हळू

डिस्क पडली असेल, टकटक आवाज येत असेल, तर लगेच काढा आणि परत लावू नका. वाचणारं डोकं बिघडलेलं असतं, प्रत्येक वेळी सुरू केल्यावर ते तबकडीवर घासू शकतं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना नुस्खा करू नका, आत दव धरतं. घरी झाकण उघडू नका, धुळीचा कणही पुरतो. हिरवी पट्टी दुसऱ्या डिस्कची लावून चालेल असं सांगणारे भेटतात. पूर्वी चालायचं, आताच्या डिस्कमध्ये त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं साठवलेली असतात. काही पोर्टेबल डिस्क तर तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी आतल्या आत डेटा कुलूपबंद करतात, त्यामुळे डबीतून काढून थेट जोडली तरी काही वाचता येत नाही.

आवाज नाही पण फारच हळू चालतेय, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तब्येत बघा. पिवळा 'कॉशन' दिसला तर आजार सुरू झालाय. अशा डिस्कवर फोटोरेक तासन्‌तास फिरवू नका. आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढायची आणि नकलेवर काम करायचं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे नीट करतं. चांगले भाग आधी उचलतं, खराब जागांना नंतर हात लावतं. स्वतःला जमत नसेल तर इथे थांबून जाणकाराकडे द्या.

दुकानात देताना

दोन प्रश्न विचारा: आधी नक्कल काढणार का, आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का. 'बघू, उघडून बघतो' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. डिस्कचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात, म्हणून त्यांच्याकडची कॉपी तुमच्यासमोर पुसायला सांगा. यात संकोच नको.

खर्च करण्याआधी घरभर विचारा. निकाहचे फोटो फोटोग्राफरकडे असू शकतात, पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅपवर तर असतातच. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळू शकतात.

जुन्या कागदांचं तसं नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी घरांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो बहुतेकदा दादा-परदादांच्या शाळेच्या नोंदीत असतो. स्कॅन केलंय म्हणून मूळ कागद इकडे-तिकडे टाकू नका.

आणि ज्या डिस्कवर एकच प्रत आहे, तिला आपण उगाच बॅकअप म्हणतो. इंटरनेटला जोडून ठेवलेली डिस्कही त्याला अपवाद नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' डिस्क जगभरात लोकांच्या घरी बसल्या जागी रिकाम्या झाल्या, कुणीतरी इंटरनेटवरून त्यांना फॅक्टरी रीसेट दिला होता. कंपनीने त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट दिलेलं नव्हतं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बहिणीच्या सासरी ठेवलेली डिस्कही चालते. तीन-चार महिन्यांनी जोडून पाच-दहा फाइली उघडून बघा.

आमच्या डिस्कवरून फोटो बरेचसे निघाले, नावांशिवाय. निकाहचा व्हिडिओ अकरा मिनिटांनंतर अडकतो. पूर्ण प्रत मामूंकडे निघाली, त्यावेळी दिलेल्या डीव्हीडीवर, पण ती चालवायला डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप शोधण्यात दोन दिवस गेले. दादांचा दाखला अम्मीच्या लोखंडी पेटीत होता.